ओझं बाईचं, चावी कुणाची?

(भाजी, मासळी व डबे विकणाऱ्या बायकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सकाळपासून परवाना, अतिक्रमणवाले, बँकेचे हेलपाटे यावर बोलून झालं. मला दिलेला विषय त्या मानाने साधा वाटेल. बॅटरीवर चालणारी मालाची स्कूटर घ्यावी का, परवडते का, शहरात आपल्या कामाला चालते का, एवढंच सांगायचं आहे. पण तुमच्यापैकी निम्म्या जणींनी चिठ्ठीवर हाच प्रश्न लिहून दिलाय. हल्ली वस्तीवस्तीत दुकानदाराची माणसं पत्रकं घेऊन येतात. पत्रकावर गाडीजवळ एक हसरी बाई उभी असते आणि खाली लिहिलेलं असतं, किलोमीटरला पंधरा पैसे, वीस पैसे. तेव्हा हिशोब करूया. हिशोब म्हटलं की पुष्कळशा जणी मागे सरकतात. पण रोज पहाटे मार्केट यार्डात उभ्या उभ्या तुम्ही भाव, तूट आणि नफा जो मनात मांडता, त्याहून हा अवघड नाही.

आधी एक गोष्ट पक्की करू. तुलना कशाशी करायची? दुकानदार पेट्रोलच्या गाडीशी करतो. पण आपल्यातल्या बहुतेकींकडे पेट्रोलची गाडी कधी नव्हतीच. आपण पाटी डोक्यावर घेतो, क्रेट शेअर टेंपोत टाकतो आणि स्वतः बसने किंवा सहा आसनीने येतो. मुंबईच्या कोळणी लोकलच्या मालडब्यात उभ्या असतात. म्हणजे आपली खरी तुलना टेंपोच्या भाड्याशी आणि आपल्या मानेशी आहे.

या मानेचा दर कोणी लावत नाही. आपल्या राज्यात १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालांनी लढून तो मिळवला आणि त्यांच्या ओझ्याला दर मिळाला, मजुरीतून भविष्यनिर्वाह निधी आला. ते योग्यच झालं. पण बाई स्वतःचा माल स्वतः वाहते तेव्हा ती मजुरी समजलीच जात नाही. ती तिची सवय समजतात. वीस किलोची पाटी यार्डातून स्टॉपपर्यंत, स्टॉपपासून घरापर्यंत आणि घरापासून दारोदार जाते, आणि त्याचा खर्च वहीत शून्य. मग गाडीचा हप्ता शून्याशेजारी मांडला की तो डोंगराएवढा दिसणारच. घरचे म्हणतात, इतकी वर्षं चाललंच की!

आता आकडे. हे मी धरून चाललेले आकडे आहेत. तुमच्या रस्त्याप्रमाणे ते बदलून घ्या, रीत मात्र हीच ठेवा. समजा एक बाई हडपसरला राहते. ती मार्केट यार्डाला जाऊन येते आणि मग सोसायट्यांमध्ये फेरी करते. दिवसाला ३० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ७८० किलोमीटर.

आज ती तीन क्रेटचे टेंपोला पंचाहत्तर रुपये देते आणि स्वतःच्या येण्याजाण्याला चाळीस. रोजचे ११५, महिन्याचे २,९९०.

आता बॅटरीची गाडी. रस्त्यावर येईपर्यंत ७५ हजार धरा. दहा हजार हातातले, ६५ हजार कर्ज, तीन वर्षं मुदत. बँकेने १२ टक्क्यांनी दिलं तर हप्ता साधारण २,१६० रुपये बसतो. बॅटरी दोन युनिटची असली, माल घेऊन ती साठ किलोमीटर चालली, तर चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून महिन्याला ३० युनिट लागतील. आपल्या बिलात पहिले शंभर युनिट स्वस्त असतात आणि त्यापुढचे जवळजवळ दुप्पट दराने लागतात. घरचे शंभर आधीच झाले असतील तर हे तीसही वरच्या दरात पडणार. म्हणून युनिटला १२ रुपये धरा, झाले ३६०. टायर, ब्रेक, विमा यांना ३०० बाजूला काढा.

इथपर्यंत दुकानदारही सांगतो. तो सांगत नाही ती गोष्ट बॅटरीची. बॅटरी मोबाईलसारखीच म्हातारी होते. आठशे वेळा पूर्ण भरून रिकामी केली की तिची धाव बरीच कमी झालेली असते, म्हणजे आपल्या बाईच्या हिशोबाने पाच वर्षं. नवीन बॅटरी ३० हजारांची धरली तर महिन्याला ५०० रुपये पहिल्या महिन्यापासून वेगळ्या डब्यात पडले पाहिजेत. आता बघा, विजेचा खर्च किलोमीटरला ४६ पैसे आणि बॅटरीच्या झिजेचा ६४ पैसे! विजेपेक्षा बॅटरी महाग, आणि पत्रकात तिचं नावच नाही. शिशाच्या जुन्या धर्तीच्या बॅटऱ्या स्वस्त दिसतात. पण रोजच्या ओझ्याच्या कामात त्या दीड-दोन वर्षांत मान टाकतात. त्या लिथियमवाल्यांच्या दुप्पट-तिप्पट जडही असतात. त्या वजनाचा माल तुम्ही कमी नेणार.

तर महिन्याची बेरीज ३,३२०. टेंपोपेक्षा ३३० रुपये जास्त. तीन वर्षांनी हप्ता संपला की खर्च १,१६० वर येतो आणि तेव्हापासून महिन्याला अठराशेच्या वर वाचतात. पेट्रोलची मोपेड घेतली असती तर? गाडी ६० हजारांची, म्हणजे हप्ता थोडा कमी. पण ओझं घेऊन लिटरला ४५ किलोमीटर धरले आणि पेट्रोल शंभर रुपये धरलं (२०२१ साली आपल्याकडे त्याने शंभरी ओलांडली होती), तर १,७३० नुसत्या पेट्रोलचे. ऑईल, दुरुस्ती आणि हप्ता धरून पहिली तीन वर्षं जवळजवळ ३,८०० आणि पुढे २,१०० च्या वर. म्हणजे गाडी घ्यायचीच असेल तर बॅटरीची परवडते, यात मला शंका नाही. पण गाडी घ्यायचीच का, याचं उत्तर ते ३३० रुपये देत नाहीत. टेंपो भरेपर्यंत जो तास-दीड तास जातो त्यात काय करता येईल, दुपारी दुसरी खेप मारता येईल का, डब्याची ऑर्डर जोडता येईल का, यावर ते ठरतं. ज्या बाईची विक्री एका ठिय्यावर बसून दोन क्रेटच्या वर जातच नाही, तिने माझ्या मते एकटीने गाडी घेऊ नये.

आणि व्याज. बँक दारात उभी करत नाही म्हणून बायका छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांकडे जातात. तिथे २४ टक्के लागले तर तोच हप्ता २,५५० होतो आणि टेंपोपेक्षा महिन्याला ७२० जास्त जायला लागतात. तीन वर्षांत चौदा हजार रुपये फक्त व्याजातल्या फरकाचे. आपल्या बचत गटाचं व्याजही शेकडा दोन म्हणजे तेवढंच आहे, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण गटाचं व्याज फिरून गटातच येतं. पथविक्रेत्यांसाठी २०२० साली जी पंतप्रधान स्वनिधी योजना आली, तिची तिसरी पायरी ५० हजारांवर थांबते, आणि तिथे पोचायला आधीची दोन कर्जं फेडावी लागतात. मुद्रा योजनेतलं शिशु कर्जही ५० हजारांपर्यंतच. मालाची बरी गाडी सत्तरच्या पुढे. म्हणजे लागते तितकी रक्कम नेमकी एका पायरीच्या वर आहे, जिथे बँक कागद वाढवून मागते. केंद्राच्या अनुदानाचंही तसंच. २०२१ साली बॅटरीच्या प्रत्येक युनिटमागे १५ हजार होतं, २०२३ च्या जूनपासून १० हजार झालं, २०२४ च्या एप्रिलपासून ५ हजार, त्याच्या पुढच्या वर्षी अडीच. आपल्या बायकांना माहिती पोचेपर्यंत पंगत उठत आलेली असते.

आता यंत्राकडे. बाजारात दोन जातीच्या गाड्या आहेत. एक, जिची मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत. कायद्याने ती मोटार वाहन धरलीच जात नाही. तिला लायसन्स नको, पासिंग नको. दुसरी, नंबरप्लेटवाली. पहिली गाडी ‘लेडीजसाठी एकदम सोयीची’ म्हणून गळ्यात मारतात. मैत्रिणींनो, घरातला मिक्सर पाचशे ते साडेसातशे वॉटचा असतो. म्हणजे निम्म्या मिक्सरच्या ताकदीवर तुम्ही, गाडी आणि ऐंशी किलो टोमॅटो असं सगळं उड्डाणपुलावर चढवायचं आहे. सपाटीला चालेल. चढावर ती बैलासारखी बसते आणि मग तुम्ही उतरून ढकलता. हडपसरहून येणारीने पूल मोजावेत. धनकवडी-कात्रजकडे जाणारीने तर तिचा विचारच सोडावा.

दुसऱ्या जातीतही निवड आहे. नगरच्या कारखान्यातून १९७२ साली लूना निघाली आणि दूधवाले, पेपरवाले, मास्तर सगळे तिच्यावर बसले. तिचं बॅटरीचं रूप २०२४ च्या फेब्रुवारीत आलं. त्यावर दीडशे किलोपर्यंत भार चालतो असं कंपनी सांगते आणि किंमतही सुरुवातीला सत्तर हजारांच्या आतबाहेरच ठेवली होती. मी कुणाची जाहिरात करत नाही. सांगायचं एवढंच, की सपाट पायदान, मागे खरं कॅरिअर आणि साधी बांधणी असलेली गाडी आपल्या कामाची. गुळगुळीत, फुगीर स्कूटरवर क्रेट ठरत नाही. आणि कंपनी एका भरण्यात शंभरच्या वर किलोमीटर सांगते तेव्हा त्यातलं साठ-पासष्टच आपलं समजा. ती चाचणी क्रेट लादून होत नाही. मासळीवालीने बर्फाचं पाणी गळून कुठे जातं ते आधी पाहावं. खाऱ्या पाण्यासारखा जोडाचा वैरी दुसरा नाही.

बसायची उंची पाहा, साडी कुठे अडकते ते पाहा. आणि भरलेली गाडी मेन स्टँडवर लावून पाहा. चालवायला जमतं पण स्टँडवर लावता येत नाही, म्हणून दर थांब्याला कुणा दादाला हाक मारायची, हे मी पुष्कळ जणींचं पाहिलंय.

प्लगचं काय? ही गाडी रात्री घरी भरायची असते. पण घर कुठे? जनता वसाहतीत पर्वतीच्या उतारावर घर आहे, गाडी खाली रस्त्याला उभी. एवढी वायर कुठून नेणार? भाड्याच्या खोलीत मालकाचा पोटमीटर असतो आणि तो युनिटला मन मानेल तो दर लावतो. पुनर्वसनाच्या इमारतीत पार्किंगला पॉइंट मागितला की कमिटीची पुरुषमंडळी म्हणतात, आग लागेल. मग बॅटरी काढून वर न्यायची. ती बारा-पंधरा किलोची असते. म्हणजे डोक्यावरची पाटी उतरली आणि हातात बॅटरी आली, तीही लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत.

आगीची भीती खोटी नाही. २०२२ च्या मार्चमध्ये वेल्लूरला रात्री चार्जिंगला लावलेल्या गाडीने पेट घेतला आणि बाप-लेक धुराने गुदमरून गेले. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर केंद्राने बॅटरीचे नियम कडक केले. पण जुना माल आणि जोडजाड केलेल्या बॅटऱ्या अजून फिरतात. झोपायच्या खोलीत, दाराच्या वाटेत बॅटरी भरायची नाही. उन्हातून आल्या आल्या लावायची नाही. चार्जर तिचाच हवा. आणि मेलेली बॅटरी भंगारात टाकायची नाही. २०२२ च्या नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली आहे. भंगारात गेली तर ती शेवटी आपल्याच कचरावेचक बहिणींच्या हातात येते.

मला विचाराल तर यावरचा उपाय एकेकटीच्या घरात नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलं, की गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे आणि त्याला वीजविक्रीचं लायसन्स लागत नाही. म्हणजे एखादा बचत गट मंडईजवळ पत्र्याची शेड, वेगळा मीटर आणि सहा प्लग घेऊन बसू शकतो. जागा मागायची तर पथविक्रेता समितीत मागा. २०१४ च्या कायद्याने तिच्यात निदान ४० टक्के विक्रेते आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका असायला हव्यात. तिथे निवडून गेलेल्या बायका फक्त सही करायला आहेत का, तेही एकदा विचारा.

आता सगळ्यात नाजूक. गाडी कुणाच्या नावावर?

आपल्याकडे अवजार सुधारलं की ते बाईच्या हातून सुटतं. डोक्यावर पाटी होती तोवर मासळी बाईची. टेंपो आला की टेंपो त्याचा, भाडं त्याचं. कचऱ्याच्या कामात ढकलगाडी बाई ओढते. इंजिनाची गाडी आली की चालक पुरुष, आणि बाई मागे पोती चेपत उभी. बॅटरीच्या गाडीचंही हे होऊ शकतं, आणि मला ते होताना दिसतंय. एका बाईने गटाच्या कर्जातून गाडी घेतली. आठ महिन्यांनी भेटले तर ती पुन्हा बसस्टॉपवर क्रेट घेऊन उभी. गाडी दिराच्या मुलाकडे. तो जेवणाचे डबे पोचवायच्या कामाला लागला होता. हप्ता मात्र तीच भरत होती. ‘घरातच आहे ना गाडी,’ म्हणाली.

म्हणून ती बिननंबरची गाडी मला दुसऱ्याही कारणाने नको वाटते. तिला पासिंग नाही म्हणजे आरसी बुक नाही, म्हणजे ती तुमची आहे हे सांगणारा सरकारी कागदच नाही. नवरा निघून गेला, दारू लागली, घरात वाटण्या झाल्या, की गाडी ज्याच्या हातात त्याची. तशी गाडी घेतलीच असेल तर बिल स्वतःच्या नावाचं घ्या, पैसे स्वतःच्या खात्यातून द्या, चासी नंबर गटाच्या वहीत लिहा. नंबरप्लेटवाली घ्याल तर आरसी तुमच्या नावाची आणि लायसन्सही तुमचं. बॅटरीच्या गाडीची नोंदणी फी २०२१ पासून माफ आहे, पैसे मागितले तर पावती मागा. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे खाजगी. दुसऱ्यांचा माल भाड्याने वाहणार असाल तर पिवळी अक्षरं, व्यावसायिक नोंदणी. त्याला परमिट मात्र २०१८ पासून लागत नाही. हे गोंधळून ठेवलं तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करेल.

लायसन्सचं नाव काढलं की आपल्या पन्नाशीच्या मावश्या हसतात. सायकल कधी शिकवली का कुणी आम्हाला? तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईची गोष्ट त्यांना सांगा. १९९० नंतरच्या दोन-चार वर्षांत, साक्षरतेच्या मोहिमेबरोबर, तिथल्या लाखभर गरीब बायका सायकल शिकल्या. खाणीतल्या मजुरणी, शेतमजूर, नर्स. शीलाराणी चुंकत तिथल्या कलेक्टर होत्या, त्यांनी सायकलीसाठी कर्जं मिळवून दिली. गंमत म्हणजे बायकांनी जेंट्स सायकलीच पसंत केल्या, कारण पुढच्या दांडीवर पोर बसवता येतं! बाईला काय सोयीचं ते बाईने ठरवलं. आपल्या गटाने कर्जाआधी शिकवणी धरावी. रविवारी शाळेचं मैदान, एक जुनी गाडी, शिकवणारी बाईच. लर्निंगची परीक्षा संगणकावर मराठीत देता येते. वाचता न येणाऱ्या मावशीचं काय करायचं, ते आरटीओला आपण मोर्चाने विचारू.

मागणी करायचीच तर अजून एक. राज्य सरकारने २०२४ साली पिंक ई-रिक्षा योजना आणली. दहा हजार बायका, २० टक्के सरकारचे, १० टक्के बाईचे, ७० टक्के बँकेचं कर्ज. पण ती माणसं वाहायची रिक्षा. माल वाहणाऱ्या बाईसाठी तशी योजना का नाही? चार-पाच जणींनी मिळून मालाची तीनचाकी घेतली तर पाचशे किलो एका खेपेत येतात, हप्ता वाटला जातो आणि एकीने लायसन्स काढलं तरी पाच माना मोकळ्या होतात. रंग गुलाबी नसला तरी चालेल.

पुढच्या बुधवारी दोन दुकानदार गाड्या घेऊन येणार आहेत. सकाळी सहाला, मार्केट यार्डाच्या गेटाबाहेर. सजवलेली गाडी आम्हाला नको, रिकामी फेरी नको, असं त्यांना कळवलंय. चार क्रेट भरून, तुमच्यातलीच एक चालवेल, बिबवेवाडीच्या चढाने वर आणि परत. सुरू करताना आणि संपताना बॅटरीचा काटा किती, ते वहीत लिहायचं. वजनकाटा कोण आणणार, तेवढं आत्ताच ठरवा.